इराची पाचवी कुडी

१९ मार्च २०२४, पवनी

बाबांनी गोडाऊन दिलं. अर्धंच, पण दिलं.

पुण्याच्या ज्या स्टुडिओत मी इतकी वर्षं व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहिल्या, तिथं आवाज घुमू नये म्हणून भिंतींना स्पंज चिकटवलेला होता. इथं तिन्ही बाजूंनी छतापर्यंत सुती आणि टसर साड्यांचे गठ्ठे आहेत. मधोमध उभं राहून टाळी वाजवली. आवाज जागच्या जागी विझला. खळीचा वास तेवढा नाकात बसतो, पण वास काही रेकॉर्ड होत नाही.

स्टुडिओनं आमची सगळी टीम बंद केली तेव्हा दुसरी नोकरी शोधायचा सल्ला सगळ्यांनीच दिला. मी आणि वीरेंद्रनं तो ऐकला नाही. वीरेंद्र मूळचा तुमसरचा, राहतो पुण्यात. चित्रं आणि प्रोग्रॅमिंग त्याचं, गोष्ट आणि आवाज माझे. गेमचं नाव 'कुडी'.

दूरच्या एका चंद्रावर बर्फाखाली वस्ती आहे. तिथले पाण्याचे नळ दुरुस्त करणारी इरा ही आमची नायिका. तिचं मन एका यंत्रात साठवलेलं असतं. शरीर निकामी झालं की ते मन पुढच्या शरीरात भरायचं. पहिली कुडी तिची स्वतःची. दुसरी खाणीतलं राकट यंत्र. तिसरी एका म्हातारीचं उसनं शरीर. चौथी नळातून सरपटणारं चिमुकलं यंत्र, ते फक्त टकटक करतं. पाचवी मोडक्या सुट्या भागांची. शेवटी पाचव्या कुडीतली इरा आपल्या थोरल्या भावापुढं उभी राहते आणि त्यानं तिला ओळखायचं. शरीर कपड्यासारखं बदलणारे गेम जगात ढीगभर आहेत. मराठीत बोलणारा एकही नाही. आणि सगळ्या कुड्यांना आवाज देणारी एकच बाई असेल, हे तर कुठंच नाही.

ती बाई म्हणजे विजयमाला आत्या. बाबांची धाकटी बहीण, मागच्या गल्लीत एकटी राहते. दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या नाटकांत गावोगाव फिरते. मंडपातला माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला तिचा शब्द कळतो. बाबांना तिचं नाटकात जाणं कधी रुचलं नाही. एकही नाटक पाहिलेलं नाही त्यांनी.

मी तिला गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "माणूस तोच, आंग बदलते? मंग त्यात नवीन काय व? मी दर सीझनले तेच करते."

बंगळुरूच्या एका कंपनीनं पावसाळा संपेपर्यंत डेमो मागितला आहे. मला पूर्ण खात्री आहे, हे होणार.

२ एप्रिल

पहिला दिवस. आत्यानं प्रश्न विचारून घाम काढला.

"मन नवीन कुडीत गेलं. जुन्या कुडीचं काय करता तुमी? जाळता का पुरता?"

मी म्हटलं, ते दाखवत नाही.

"काहून?"

वीरेंद्रला फोन लावला तर तो म्हणाला, एक जास्तीचं दृश्य म्हणजे एक जास्तीचा आठवडा. तरी मी लिहून ठेवलं आहे.

तिनं माझं वेळापत्रकही बिघडवलं. मी गोष्टीच्या क्रमानं घेणार होते. पाचही कुड्या सलग, मध्ये येणाऱ्या तरुणपणीच्या आठवणींसकट, म्हणजे आवाजाचा प्रवास नीट जमतो. तिचं म्हणणं, "आधी तरण्या आवाजाचं सारं घेऊन टाक. थे झालं का बाकीचं पाहू." समजावून पाहिलं. हट्ट सोडला नाही. मोठ्या नटांशी काम करायचं म्हणजे हे आलंच, असं स्वतःला सांगितलं आणि मान्य केलं.

११ एप्रिल

कूलर लावला की त्याची घरघर रेकॉर्ड होते, म्हणून बंद. गोडाऊनची भट्टी झाली आहे. आत्या पदरानं वारा घेत बोलते, मी हेडफोन लावून घाम पुसते.

आज बर्फ फुटतो तेव्हाची इराची किंकाळी घेतली. ती मी मेमध्ये ठेवली होती. आत्या म्हणाली, आजच घे. एकदाच मारली. पहिल्याच वेळी इतकी बरोबर, की समोरच्या दुकानातला जागेश्वर धावत आला. "कोणाले लागलं का?" आत्या हसली आणि त्यालाच पाणी दिलं.

त्यानंतर ती गठ्ठ्यावर टेकून बसली आणि जेवणापर्यंत बोलली नाही. मी काही विचारलं की मानेनंच उत्तर. मला जरा राग आला. एक चांगला टेक दिला की बाकी दिवस आपला, असं कसं चालेल?

पण किंकाळी! वीरेंद्रनं ऐकून एवढंच लिहिलं, "बाप्पा."

२७ एप्रिल

तिसरी कुडी, म्हातारीचं शरीर. आत्यानं आज जो आवाज लावला तो कुठल्याच नाटकात मी ऐकलेला नाही. खरखरीत, मध्येच तुटणारा, वाक्याच्या शेवटी हवा उरू नये तसा.

"हा कुठून आणला व आत्या?"

"आला असाच."

"सांग ना. घसा आवळून काढतं का?"

"रंजू, तू रेकॉर्ड कर. इचारू नको."

चहा पितानाही ती त्याच आवाजात बोलत होती. भूमिकेत शिरलेला नट लगेच बाहेर येत नाही म्हणतात, ते आज डोळ्यांनी पाहिलं. बाबा चहा घेऊन आले होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, कप तसाच ठेवला आणि दुकानात परत गेले. मी हेडफोनमध्ये तिचीच वाक्यं पुन्हा ऐकत बसले. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

१४ मे

कंपनीनं अर्धवट डेमो काही खेळाडूंना दिला होता. अहवाल आला. चित्रं आवडली. आवाज फार आवडला, भाषा न कळताही. पण खेळाडू इराला मुद्दाम मारतात. खाणीतलं यंत्र ताकदवान आहे हे कळलं की पहिल्या कुडीला कड्यावरून ढकलून देतात. का नाही देणार? मन तर सुरक्षित आहे.

वीरेंद्र म्हणतो, मरण्याची शिक्षा वाढव, गुण काप. मला हे पटत नाही. गुण कापले की माणूस गुणांसाठी रडतो, इरासाठी नाही. उपाय वेगळा आहे आणि तो मला सापडेल.

आत्या पुन्हा नागपूरला गेली आहे, मैत्रिणीकडं. महिन्यात दुसऱ्यांदा. बाबा तिला सोडायला गेले, तेही दुकान बंद ठेवून, ऐन लग्नसराईत. सोडायला म्हणे. नागपूरच्या बसेस काय बंद पडल्यात?

३ जून

आज कळलं.

मी दुकानात गेले होते, पाचव्या कुडीचं रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात करू, आत्याला सांगा, एवढंच म्हणायला. बाबा साडीची घडी घालत होते. न थांबता म्हणाले, "आता नाही जमणार. या महिन्यात तिचं ऑपरेशन हाय."

"कशाचं?"

"घशाचं. कॅन्सर हाय रंजू. आवाजाची पेटी काढा लागते."

मला आधी शब्द कळले नाहीत. मी विचारलं, "मग परत बसवतात ना?" असं विचारलं मी. इतके दिवस मन भरायचं यंत्र आणि बदलायच्या कुड्या लिहून लिहून माझ्या डोक्यात हेच आलं.

बाबांनी घडी पुरी केली, कपाटात ठेवली. मग म्हणाले, "नाही. घशाले इथं भोक राहते. त्यातून श्वास."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"होळीपासून आवाज मधामधात बसत होता तिचा. मी मागं लागलो तवा डॉक्टरकडे गेली. तुले सांगू नको म्हणे. तुहं काम पुरं होऊ दे म्हणे."

दुकानात गिऱ्हाईक आलं. बाबांनी त्याला हसून "या" म्हटलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

५ जून

आत्याकडं गेले. ती अंगणात पापड वाळत घालत होती. मी भांडायला गेले होते, खरं सांगायचं तर.

"काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू रेकॉर्डिंग बंद केली असती."

"केलीच असती!"

"म्हणून नाही सांगितलं." तोच तुटका, हवेचा आवाज. तिसऱ्या कुडीचा. मी ज्याची तारीफ केली होती तो. "रंजू, माहा आवाज तसाबी जाऊनच राहिला होता. रिकाम्या भांड्यात घालण्यापरीस तुह्या मशीनमंधी घातला. वाईट केलं का?"

दोन डॉक्टरांना दाखवलं आहे. गाठ पुढं गेली आहे, पेटी ठेवून भागणार नाही, असं दोघांचंही मत. ती हे सगळं नाटकाच्या तारखा सांगाव्या तसं सांगत होती. मी रडले. तिनं माझ्या हातात पापडाची लाटी दिली.

चार कुड्या पुऱ्या झाल्या आहेत. चौथीला शब्दच नव्हते, टेबलावर बोटं वाजवून तिनं ती केली. पाचवी राहिली.

२२ जून, नागपूर

ऑपरेशन झालं. बाबा बाहेरच्या बाकावर उपरणं तोंडावर घेऊन झोपल्यासारखे बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, सगळं निघालं. ते गाठीबद्दल बोलत होते.

४ जुलै

आत्या सावरते आहे. नाकात नळी, गळ्यावर पांढरी पट्टी, पट्टीखालून श्वासाची शीळ. पाटीवर लिहून बोलते. तिचं अक्षर मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. टपोरं, नाटकाच्या पाटीवर लिहावं तसं. शेजारच्या खाटेवरचा उपमा पाहून परिचारिकेला तिनं लिहून दिलं, "उपमा असा नसते. मी बरी झाली का शिकवीन."

वीरेंद्रला सगळं सांगितलं होतंच. आज तो बराच वेळ घुटमळून म्हणाला, "रंजिता, आपल्याकडं तिचं तासन्‌तास रेकॉर्डिंग आहे. त्यावरून तिचा आवाज यंत्रात बनवता येतो. मग आपण काहीही टाईप करू, तो आवाज बोलेल. पाचवी कुडी होईल. आणि तिला स्वतःला मोबाईलवरून बोलता येईल, तिच्याच आवाजात."

मला अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. हे तर आमच्याच गेममधलं! शरीर गेलं, पण जे साठवलं होतं ते आहे. मी ते ओतायचं दुसऱ्या भांड्यात, बस. आत्याला आत्ताच सांगणार नाही. आधी बनवते, मग ऐकवते. तिचा चेहरा मला पाहायचा आहे.

१३ जुलै, पवनी

आत्या घरी आली आहे, आमच्याकडंच. आज तिला आवाज ऐकवला.

ती खाटेवर होती, बाबा खिडकीशी पाठमोरे, औषधाच्या बाटल्या लावत. मी मोबाईलवर टाईप केलं आणि बटण दाबलं.

"भाऊ, चहा सांग ना व्हयनीले."

पहिल्या कुडीचा, एप्रिलच्या सुरुवातीचा आत्याचा आवाज. भरलेला, गोल.

बाबा म्हणाले, "हो, सांगतो." आणि दाराकडं वळले. आईला हाक मारायला तोंड उघडलं आणि तिथंच थांबले. आत्याकडं पाहिलं. मग माझ्या हातातल्या मोबाईलकडं. मग बाहेर गेले. त्यांची चप्पल दारातच राहिली, अनवाणीच गेले.

आत्यानं पाटी ओढली. मला वाटलं, शाबासकी.

तिनं लिहिलं, "कोणाले इचारून?"

मी समजावू लागले, हे तुझ्यासाठीच आहे, तुझाच आवाज आहे. तिनं पाटी पालथी ठेवली आणि भिंतीकडं तोंड केलं.

१५ जुलै

मला अजूनही वाटतं की मी चूक केलेली नाही. विचारलं नाही, हे खरं. पण बुडणाऱ्याला हात देताना कोणी विचारतं का? ती धक्क्यात आहे, एवढंच. सवय होईल.

नमुना कंपनीला पाठवला. ते खूष. हा आवाज स्वच्छ आहे, हिंदीत, तेलुगूत, कशातही बोलवता येईल, करार करायला तयार आहोत म्हणाले. वीरेंद्रनं आनंदानं फोन केला. मीही आनंदानं बोलले. फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा बटण दाबून ते चहाचं वाक्य ऐकलं. मग आणखी एकदा. किती वेळा ऐकलं ते लिहीत नाही.

बाबा दोन दिवसांपासून माझ्याशी कामापुरतं बोलतात.

३० जुलै

नागपूरला गेलो होतो. ऑपरेशनच्या वेळीच आत्याच्या गळ्यात एक छोटी झडप बसवली होती. आज तिथल्या बाईंनी ती वापरायला शिकवली. श्वास घ्यायचा, गळ्याच्या भोकावर अंगठा दाबायचा आणि बोलायचं. हवा वळते आणि अन्ननलिकेतून आवाज निघतो.

आधी नुसती फुरफुर. मग ढेकरासारखं काहीतरी. आत्याचा चेहरा लाल. बाई म्हणाल्या, आज एवढंच पुरे. आत्यानं मान हलवली आणि पुन्हा अंगठा दाबला.

"आ."

जाड, जमिनीखालून आल्यासारखा. पुरुषाचा म्हणावा तर तसाही नाही.

"आ. भाऊ. आ. रंजू."

बाबा हसले आणि मग त्यांना हसणं आवरेना. डोळ्यांतून पाणी, आणि हसतायत. आत्या त्यांच्यावर डोळे वटारून पुन्हा म्हणाली, "भाऊ!"

परतताना गाडीत ती माझ्याशी बोलली. एकेक शब्द, मध्ये श्वास, अंगठा वर, अंगठा खाली. मी इथं सलग लिहिते आहे.

"रंजू, तुह्या मशीनचा आवाज चांगला हाय. लय चांगला हाय. पण थो मी मेल्यावरचा हाय. मी जित्ती हावो ना अजून."

मी म्हटलं, "पुसून टाकू?"

"पुसू नको. माह्या मोबाईलमंधी ठेव. माही वस्तू हाय, मी पाहून घेईन." मग म्हणाली, "पाचवी कुडी मी करीन. याच आवाजात."

१८ ऑगस्ट

आत्याची शेकाची, म्हणजे रेडिएशनची उपचारमालिका सुरू झाली. घसा सोलला जातो, बोलणं पुन्हा बंद. आई तिला भाताची पेज देते.

मी या दिवसांत गेमचा कणा बदलला. नवी कुडी मिळाली की खेळाडूला लगेच धावता येणार नाही. आधी उभं राहायला शिकायचं. बोट कुठलं, गुडघा कुठला, हे शोधायचं. बोलायला शिकायचं. आणि जुनी कुडी कुठं ठेवली, ते जाऊन पाहायचं. आत्यानं विचारलं होतं ते.

वीरेंद्र म्हणाला, लोक कंटाळतील. मी म्हटलं, नागपूरला एका बाईला "आ" म्हणायला शिकताना मी दिवसभर पाहिलं आणि क्षणभर कंटाळले नाही. त्यानं एक पातळी तशी बनवून पाहिली. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप, "मी स्वतः तिला कड्यावरून ढकलू शकलो नाही."

कंपनीला कळवलं की यंत्राचा आवाज वापरणार नाही. त्यांचं म्हणणं, मग करार कठीण आहे. डेमो पाहा आणि ठरवा, असं लिहिलं.

६ ऑक्टोबर

शेक संपला, आत्याचं बोलणं परत आलं आणि आज शेवटचा प्रवेश झाला. जसा घडला तसा लिहून ठेवते.

मी लिहिलेलं असं होतं. भाऊ म्हणतो, "तू इरा नाहीस." मग इरा लहानपणीची एक गोष्ट सांगते, जी फक्त दोघांना माहीत आहे, आणि भावाला पटतं. आत्यानं वाचून कागद बाजूला ठेवला. "याददाश तं मशीनमंधी भरता येते ना? मंग याददाशीवरून भाऊ कसा ओळखन?" बरोबर होतं. माझ्याच गेमचा नियम मीच मोडत होते. म्हटलं, आधी जेवढं आहे तेवढं वाचू, पुढचं सुचेल.

भावाचा आवाज द्यायला ठरलेला नट भंडाऱ्याहून आलाच नाही. आत्या म्हणाली, "भाऊले बोलाव."

बाबा नाही म्हणाले. मग हात पुसत आले. साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये दोघं समोरासमोर बसले, मध्ये माईक. मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

आत्यानं अंगठा दाबला. "भाऊ. मी आली."

बाबांनी कागद पाहिला. "तू..." थांबले. पुन्हा पाहिला. "तू इरा..."

"म्हणा ना बाबा," मी म्हटलं.

"नाही म्हणत मी."

"नाटक हाय," आत्या म्हणाली. "म्हणा लागते."

"तू समोर बसली हायस आणि मी म्हणू तू नाहीस? दुसरं काहीबी म्हणतो."

"दुसरं नाही लिहिलं तिनं!" आत्या आता खरंच चिडली. "सोपं वाक्य हाय. पोरं म्हणतात. मी हजार लोकांपुढं नाटकातल्या नवऱ्याले वळखत नाही म्हटलं हाय, आणि तू..."

तिचा अंगठा सरकला. पुढचं सगळं नुसती हवा. ओठ हलत होते, हात उडत होता, गळ्यातून फक्त सूं सूं. मला हेडफोनमध्ये एक अक्षर कळलं नाही.

बाबा म्हणाले, "शाळेतल्या नाटकाची गोष्ट कायले काढतं? तवा मी आजारी होतो."

आत्याची हवा चालूच.

"बरं, नव्हतो आजारी. भेलो होतो. झालं?"

आणखी हवा.

"हो. आणि पुढं तुह्या मोठ्या नाटकालेबी त्याच्यानंच नाही आलो. लोक काय म्हणतीन म्हणून नाही. तू तिथं दुसरीच कोणी दिसली असती, म्हणून."

आत्या थांबली. हात खाली आला. तिनं अंगठा परत जागेवर ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "येडा हायस."

"हो," बाबा म्हणाले.

मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही. आत्याला विचारलं, "हेच ठेवू? दोघांना चालेल?" यावेळी विचारलं. ती बाबांकडं पाहत म्हणाली, "याले इचार." बाबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "ठेव. माहं नाव नको टाकू फक्त."

"नाव टाक. भैय्यालाल," आत्या म्हणाली. "मोठ्या अक्षरात."

१९ ऑक्टोबर

कंपनीनं नकार दिला. शेवटच्या प्रवेशातला आवाज "अस्पष्ट" आहे आणि सुरुवात संथ, असं कारण. सभ्य भाषेत आहे.

मी आणि वीरेंद्रनं तासभर तोंडं पाडली आणि मग डेमो आम्हीच इंटरनेटवर टाकला, फुकट. खाली लोकांचे अभिप्राय येऊ लागले आहेत. कोल्हापूरच्या एकीनं लिहिलं, पाचव्या कुडीत ती उगीचच वस्तीभर चालत राहिली, पुढं जावंसं वाटेना. एकानं विचारलं, शेवटी बहीण काय बोलते ते ऐकू येत नाही, भावाला कसं येतं? त्याला खाली दुसऱ्यानंच उत्तर दिलं, "तुला बहीण नाही वाटतं."

पूर्ण गेम करायला वर्ष लागेल. करू. गोडाऊनची उरलेली अर्धी बाजूही आज बाबांनी रिकामी करून दिली, मी न मागता.

२७ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर आली. झाडीपट्टीचा सीझन सुरू होणार. सकाळी आत्या आमच्या ओट्यावर ऊन खात बसली होती, बाबा शेजारी पेपर वाचत. तिचा मोबाईल वाजला. वडशाच्या एका नाटक कंपनीचे मालक. त्यांच्याकडची एक बाई ऐन वेळी आजारी पडली होती. आत्याचं काय झालं ते त्यांच्या कानावर गेलं नसावं, किंवा अर्धवट गेलं असावं.

त्या मोबाईलमध्ये तिचा जुना आवाज आहे. टाईप केलं असतं तर बोलला असता. मला वाटलं, आज तरी ती तो काढेल. तिनं स्पीकर लावून मोबाईल मांडीवर ठेवला, पदर नीट केला, अंगठा दाबला.

"बोला."

"हॅलो? विजयमालाबाईले द्या बरं. कोण बोलून राहिलं?"

"विजयमालाच बोलून राहिली."

पलीकडून, "बाई? आवाज..."

"आवाज बदलला. माणूस थेच हाय. पार्ट कोणता हाय थे सांगा."

मालक सासूचा आहे म्हणाले, लांबलचक आहे, जमेल का. मग एकदम आठवल्यासारखं, जरा उत्साहानं, "बाई, दुसऱ्या नाटकात एक मुक्या बाईचाबी पार्ट हाय. थो घेता का? बोलाचं कामच नाही."

बाबांनी पेपर खाली केला.

आत्यानं पुरता श्वास भरून घेतला. अंगठा असा दाबला की नख पांढरं झालं.

"मुकी दुसऱ्या कोणाले द्या," ती म्हणाली. "मले सासू पाहिजे."